भाऊसाहेबांनी नथ धुतली

"वाचल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही!" असं भाऊसाहेब छातीठोकपणे सांगत, आणि ते खरंही होतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात बत्तीस वर्षं फायली वाचून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. शनिवारी गाझियाबादच्या घरात ते नुसते पडून असायचे. पण त्या शनिवारी ऑनलाइन मागवलेलं यंत्र आलं आणि माणूस टुणकन उठून बसला!

यंत्र म्हणजे पोळ्यांच्या डब्याएवढी स्टीलची टाकी. रेघेपर्यंत पाणी, साबणाचे दोन थेंब, वस्तू जाळीत ठेवायची, तळाला टेकू द्यायची नाही आणि बटण दाबायचं.

"कानाला ऐकू न येणारा आवाज पाण्यात सोडतात," ते लेकीला, केतकीला, समजावू लागले. "त्यानं लाखो बारीक बुडबुडे होतात, फटाफट फुटतात आणि सांदीकोपऱ्यातला मळ उपटून काढतात. घासायला नको, काही नको!"

"अच्छा," मोबाइलमधून डोकं न काढता केतकी म्हणाली.

पहिला मान चष्म्याचा. तीन मिनिटांत पाण्याचा पार चहा झाला! चष्मा इतका लख्ख निघाला, की टेबलावरची बायकोची नथ किती पिवळी पडलीय तेही त्यांना प्रथमच दिसलं. विजयालक्ष्मीबाई आंघोळीला गेल्या होत्या. पाच वाजता मंडळाचं हळदीकुंकू होतं. बिचारी सकाळपासून राबतेय, तिला जरा खूश करू, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांनी माहितीपत्रक पुन्हा वाचलं. 'मोती, पाचू, चिकटवलेले खडे टाकू नयेत.' यादी दोनदा तपासली. नथ कुठेच नव्हती!

"बाबा, यार, नथीत मोतीच असतात ना?"

"असतील! पण नियमात 'नथ' लिहिलेलं नाही. मनाई नाही म्हणजे परवानगी आहे. बत्तीस वर्षं हेच करतोय मी!"

त्यांनी पाणी बदललं, नथ जाळीत ठेवली आणि बटण दाबलं. पाणी दुधाळ झालं. मग वर पापुद्रे तरंगू लागले. भाऊसाहेबांनी घाईनं जाळी उचलली. मोत्यांची सालं निघाली होती, आत प्लास्टिकचे मणी होते आणि सोन्याची तार तांब्याची झाली होती.

ही तर सासूबाईंची नथ! विजयालक्ष्मीचा जीव होता तिच्यावर. आता काय तोंड दाखवायचं? तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. खऱ्या मोत्याची साल निघेल कशी? नथ नकली होती!

विजयालक्ष्मीबाई केस पुसत बाहेर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या.

"अगं, आपल्याला फसवलंय!" भाऊसाहेबांनी आधीच आवाज चढवला. "प्लास्टिक आहे हे, प्लास्टिक! तुझ्या माहेरच्या कुठल्या बावळटानं घेतली ही?"

"तुम्ही घेतलीत," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला."

"मी?"

"हो. आठव्या दिवशीच रंग उडायला लागला होता."

भाऊसाहेबांनी जाळी हळूच टेबलावर ठेवली. "मग सात वर्षं का घालत होतीस गं?"

"इतक्या कौतुकानं आणली होतीत. मोडवत नव्हतं मन." बाईंनी टाकीत डोकावून पाहिलं आणि मोठा सुस्कारा टाकला. "सुटले बाई एकदाची! केतकी, कपाटातली आजीची नथ काढ गं. आणि ती बाबांच्या हाती लागू देऊ नकोस!"