दगडूमामांचा डच नरक

माझ्या पिठाच्या गिरणीच्या पाटीवर पाय फुटलेला मासा आहे. डोक्यावर ज्वारीचं पोतं घेऊन ऐटीत चाललाय मेला. नवं गिऱ्हाईक विचारतं, "काकू, इथं मासे दळून मिळत्यात का?"

ही कृपा शेजारच्या दगडूमामा पेंटरची. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात जन्मभर सरळ पाट्या रंगवल्या. गेल्या साली रद्दीत चित्रांचं जाडजूड पुस्तक घावलं, पाचेकशे वर्षांपूर्वीच्या कुण्या डच बाबाचं. माणसं गिळणारे पक्षी, पाय फुटलेली अंडी, सगळा नरक! तेव्हापासून माणूस बिघडला. दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर किडक्या दाढेतून आख्खा माणूस डोकावला. पेशंट दारातूनच परत. बोलायला जावं तर ब्रश रोखून म्हणायचे, "तुला काय कळतंय? डच हाय, डच!" गिऱ्हाइकांनी पटापट डच्चू दिला, तसं गावानं नाव ठेवलं, डच्चू पेंटर.

तरी पंचायतीनं दया येऊन स्मशानातल्या शेडची भिंत दिली. शंकर काढा म्हणून बजावलं. मामांनी भिंतभर नरक काढला. पुढच्या मयतीला आलेले पाव्हणे रडायचं सोडून भिंतीकडंच बघत बसले.

दुसऱ्या दिवशी पंचायतीचा गडी भिंत पुसायला चुन्याची बादली घेऊन आला, तर मामा भिंतीला पाठ लावून उभे. "मला बी चुना लावा मग!" माझं तेवढं ऐकतात, म्हणून मला बोलावणं आलं.

"मामा, लाज हाय का जरा? लोकांनी रडावं का भ्यावं?"

ते नुसते बाजूला सरले. पाठीमागं, जाळाच्या मधोमध, फुटक्या अंड्याच्या उंबऱ्यावर एक पोरगा चहा पीत होता. शेजारी चष्मेवाला म्हातारा, बशीत फुंकर घालणारा. पोराचा चेहरा सचिनचा. मामांचा एकुलता एक, गेल्या साली जीव दिला त्यानं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही, तेव्हा जाणती माणसं मामांदेखत म्हणाली होती, असला नरकातच जातो.

"लई हुडकला गं त्याला त्या पुस्तकात," मामा म्हणाले. "एकटाच आसंल तिथं. म्हणून म्या जाऊन बसलो."

मी म्हटलं, "मामा, ही दोघं ऱ्हाऊ द्या. बाकीचं पुसू."

मामांनी मग गड्याच्या हातातली बादली घेतली आणि स्वतःच पुसायला लागले. पक्षी गेले, मासे गेले. पोराच्या पायापाशी आले तेव्हा चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"मला नीट दिसंना गं," म्हणाले. "बघ बरं, त्याच्याजवळ कुठं जाळ ऱ्हायला न्हाय ना?"