'ई' झालं, 'आर' राहिलं

परीक्षेसाठी गाइड घ्यायचं नाही असं मी ठरवलं, आणि तिथेच माशी शिंकली.

ऑफिसात नेटवर्कचं काम मी नऊ वर्षं करतोय, पण सर्टिफिकेट नाही म्हणून हुद्दा अजून 'मदतनीस'च. मेहुणा म्हणाला, भाऊजी, गाइड घ्या, चार दिवसांत उरकेल. मी म्हटलं, गाइड पोरंसोरं वाचतात, आपण थेट मूळ संदर्भग्रंथ वाचणार. अकराशे पानं, सगळ्या कमांड इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. मी 'ए'पासून सुरुवात केली. (डिक्शनरी कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही, हे मला बायकोने सांगितलं. बरंच नंतर.)

त्या शनिवारी मी 'ई'पर्यंत पोचलो होतो, आणि अकरा वाजता बायकोची लॅपटॉपवर मुलाखत होती. मुलांपायी शाळेतली नोकरी सोडून तिला बारा वर्षं झाली होती. गणिताची बाई ती, आठवडाभर आरशासमोर उत्तरं घोकत होती. साडेदहाला मला म्हणाली, "आज एवढा एक तास कशाला हात लावू नका."

"मी फक्त वाचतोय," मी म्हणालो.

'ई'मध्ये 'इरेज' निघालं. वाचून कळेना, म्हणून घरच्याच राउटरवर करून पाहिलं. एका ओळीत सगळं सेटिंग साफ. इतकं स्वच्छ काम मी आयुष्यात केलेलं नाही.

परत आणायचं कसं, ते 'रिस्टोअर'मध्ये, म्हणजे 'आर'मध्ये, सहाशे पानं पुढे. घाईघाईने उघडलं. तिथे लिहिलं होतं, आधी बॅकअप घेतला असेल तरच. बॅकअप 'बी'मध्ये होता. तो मी वाचला होता, खाली लाल पेनाने रेघही मारली होती. घेतला मात्र नव्हता.

आमच्या तळमजल्यावर मोबाइलला रेंज नाही (म्हणून तर राउटर). ती लॅपटॉप घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या शेजारणीकडे पळाली. दार उघडून पासवर्ड मिळेपर्यंत अकरा वीस झाले. तोवर मुलाखत घेणाऱ्यांनी पुढच्या उमेदवाराला बोलावलं होतं, आणि नोकरीही त्या उमेदवारालाच दिली.

ती खाली आली. मला वाटलं होतं, आता बोलेल.

"एकही गणित विचारलं नाही हो मला," एवढंच म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परीक्षेत पहिलाच प्रश्न आला, सेटिंग पुसण्याआधी काय करावं? डोळे मिटून उत्तर लिहिलं. पास झालो. घरी आल्यावर तिने विचारलं, काय काय विचारलं होतं? मी म्हटलं, आठवत नाही.

सर्टिफिकेट चौकटीत घालून राउटरच्या बरोबर वर लावलंय. पण नेट बंद पडलं की ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही, भावाला फोन लावते. तो येतो, स्टुलावर चढतो आणि पाच मिनिटांत नेट सुरू करतो. (त्याने परीक्षा दिलेली नाही. नुसतं गाइड वाचलंय.)

स्टूल मी धरतो.