आत कोण?

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर ज्या दिवशी बंद पडले, त्या दिवशी चोर आत असताना "तो मीच आहे" असं सांगणारा माणूस मी होतो. पण हे कळायला आधी अण्णा पावसकर कळले पाहिजेत.

अण्णा रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या याच डोळ्यांच्या दवाखान्यात रेकॉर्ड सांभाळायचे. माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. पूर्वी स्कूटरवरून दारोदार हिंडायचो, मग एक सॉफ्टवेअर घेतलं. आपल्या गाळ्यात बसून कुठल्याही गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं. तिकडे पडद्यावरचा बाण आपोआप हलायला लागतो. बाकीची गिऱ्हाइकं तेवढ्यात चहा मारून येत. अण्णा उभे राहत.

खरोखरचे उभे राहत. शर्टाचं वरचं बटण लावत, कोरी फाइल उघडत आणि टाइप करत : "आत कोण?"

मी इकडून लिहायचो, "सुहास."

"नाव कोणीही सांगेल. वाडी वरची की खालची?"

"खालची. अण्णा, प्रिंटर बघायचाय."

"प्रिंटर पळून जात नाय. काल मासळी बाजारात भेटलास तेव्हा पिशवीत काय होतं?"

"सौंदाळे."

"हां. ये, बस."

मग रजिस्टरात नोंद व्हायची. येणाऱ्याचं नाव, वेळ, काम. जाताना सांगून जायचं. एकदा न सांगता बाहेर पडलो तर लगेच गाळ्यातल्या लँडलाइनवर फोन. "अरे, असा उठून गेलास? सासुरवाडीतही असाच वागतोस काय?" काम लांबलं तर पडद्यावर अक्षरं उमटत, "चहा?" आणि मी चार किलोमीटरवरून लिहायचो, "नको, आत्ताच झाला." चहाच्या टपरीवर मी अण्णांची नक्कल करायचो. माणसं पोट धरून हसत. मला त्याचा अभिमान होता, हेही आता लिहून टाकतो.

माझ्या स्वतःच्या दाराची गोष्ट अशी होती. सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच पासवर्ड, आणि तोही दुकानाचं नाव नि पुढे एक-दोन-तीन. मोबाइलवर नंबर येईल, तो टाकल्याशिवाय दार उघडणार नाही, अशी दुसरी कडी सॉफ्टवेअरमध्ये होती. पण गाळा तळघरात, रेंज नाही. नंबर बघायला दरवेळी नऊ पायऱ्या चढून रस्त्यावर यायचं. दोन दिवस चढलो. तिसऱ्या दिवशी कडीच काढून टाकली. श्रावणात कंपनीचं मेल आलं : लॉगिनमध्ये कच्चा दुवा सापडलाय, ताबडतोब अपडेट करा, दुसरी कडी चालू ठेवा. मी वाचलं. म्हटलं, गणपतीनंतर बघू. आमच्याकडे सगळंच गणपतीनंतर असतं.

गणपतीचा तिसरा दिवस. मी जयगडजवळ गावच्या घरी, दुपारची आरती चाललेली, हातात टाळ. खिशात फोन थरथरला.

"सुहास, तू आत आहेस काय?"

"का हो अण्णा?"

"बाण हलतोय. विचारतोय तर बोलत नाय. वाडी विचारली, गप्प. मी मेन बटण बंद करतो."

चुलतभाऊ डोळे वटारून बघत होता. मी आत नव्हतो, हे मला ठाऊक होतं. काही अपडेट चाललं असेल असं वाटलं, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं आहे. मला काहीच वाटलं नाही. मला फक्त फोन ठेवायचा होता.

"मीच आहे. तुम्ही कशाला हात लावू नका."

"मग बोलत का नाहीस?"

"घाईत आहे."

"बरं. बस मग."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खूण न पटवता कोणाला आत बसू दिलं, ते माझ्या शब्दावर.

अर्ध्या तासात सगळे पडदे काळे झाले. अण्णांनी चौदा वर्षं एका बोटाने टाइप केलेले केसपेपर चोराच्या कुलुपात गेले, किल्लीसाठी तो पैसे मागत होता. वेगळी ठेवलेली प्रतही त्याच पासवर्डने उघडत होती, तीही गेली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशनला आलेली म्हातारी माणसं जुने कागद नाहीत म्हणून परत पाठवली.

ट्रस्टने अहवाल मागितला. मी लिहिलं : "कर्मचाऱ्याने अनोळखी मेल उघडल्याची शक्यता." नाव लिहिलं नाही. त्या दिवशी कामावर कर्मचारी एकच होता.

सभेत कोणी तरी म्हणालं, "पावसकरांनी चोराला चहा विचारला असेल!" सगळे हसले. मीही हसलो. अण्णांच्या काखेत रजिस्टर होतं. मला केलेल्या फोनची नोंद त्यात असणारच, वेळेसकट. चेअरमननी विचारलं, "काही सांगायचंय?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "नाय. चुकलं माझं."

त्या महिन्यात त्यांना घरी बसवलं.

मार्गशीर्षात मी पूर्णगडला त्यांच्या घरी गेलो. एकटेच होते. ओटीवर वही उघडी होती. आठवतील तसे पेशंट लिहून काढत होते : कोणत्या गावचा, कोणत्या वाडीतला, डावा डोळा की उजवा. तीनशेच्या वर झाले होते.

मी खाली बघत विचारलं, "अण्णा, रजिस्टर का उघडलं नाहीत?"

ते लिहीतच राहिले. "दिवसभर त्या खोलीत माझ्याकडे कोण यायचं रे? तू यायचास. घरी येणाऱ्याला चार माणसांत उघडा पाडायचा काय?"

मी कबुली द्यायला गेलो होतो. दिली नाही. पाणी प्यायलो आणि आलो.

आता मी नऊ पायऱ्या चढतो. त्याने काही फिटत नाही. ट्रस्टला माझ्या सहीचं एक पत्र जायला हवं : दार मी उघडं ठेवलं होतं, पावसकरांनी वेळेवर विचारलं होतं, मी खोटं बोललो. ते पत्र मी अण्णांचं देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.