चाळीस सेकंदांच्या आत

आग ही मुळात बेशिस्त गोष्ट आहे. ती वेळ ठरवून लागत नाही, मजला कळवून लागत नाही आणि विझवणाऱ्याला शेवटी करंडक देत नाही. माणूस इतकी वर्षं तिच्यामागे धावला, त्यातून त्याला मिळालं काय, तर काळं तोंड आणि ओले बूट. स्पर्धेचं तसं नाही. स्पर्धेत आग रंगवलेली असते, ती सकाळी दहाला सुरू होते आणि नंतर चहा असतो. तेव्हा विचारी अग्निशमन केंद्राने या दोहोंतलं काय निवडावं, याबद्दल दुमत व्हायचं कारण नाही.

आपल्या गोष्टीतल्या केंद्राला हा विचार जरा उशिराच सुचला. आधीचे केंद्रप्रमुख साधे गृहस्थ होते. फोन वाजला की बंब काढायचे, आग विझवायचे आणि परत येऊन झोपायचे. त्यांच्या कारकिर्दीत केंद्राने एकही करंडक जिंकला नाही. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे साहेब आले, गळ्यात शिट्टी घालूनच. पहिल्याच दिवशी त्यांनी दारात उभं राहून नाक आकसलं आणि म्हणाले, "इथे पराभवाचा वास येतोय." (तो धुराचा होता. पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोण सांगणार?)

साहेबांचं ध्येय एका वाक्याचं होतं: चाळीस सेकंदांच्या आत. आंतरकेंद्र कौशल्य स्पर्धेत प्लायवूडचं एक तीनमजली घर उभं करतात. त्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या डाव्या खिडकीत भुशाचा एक बाहुला असतो. शिट्टी झाली की शिडी लावायची, वर चढायचं, बाहुला खांद्यावर टाकायचा, खाली उतरायचं आणि सलाम ठोकायचा. सलाम ठोकला की घड्याळ थांबतं. आजवर कुठल्याही केंद्राला हे चाळीस सेकंदांच्या आत जमलेलं नव्हतं. "चाळीस म्हणजे माणूस," साहेब म्हणायचे, "आणि एकोणचाळीस म्हणजे आपण."

या वाक्याचा सगळा भार ज्याच्या खांद्यावर आला, तो शिडीवाला. उंच, काटक, बोलायला कमी. माणूस कामाला वाघ, पण त्याला एक वाईट खोड होती. जळत्या घरासमोर पोचला की तो क्षणभर थांबायचा, श्वास रोखायचा आणि ऐकायचा. कोण कुठे खोकतंय, कुठल्या भिंतीवर कोण हात आपटतंय, हे त्याला त्या एका क्षणात कळायचं आणि मग तो नेमका तिथेच जायचा. अशी किती माणसं त्याने बाहेर काढली होती, ते त्यालाही आठवत नव्हतं.

साहेबांनी ही खोड पहिल्याच सरावात हेरली. "तू थांबलास का?"

"ऐकत होतो साहेब."

"बाहुला बोलतो का?"

"नाही साहेब."

"मग?"

ऐकण्यात सव्वा सेकंद वाया जातो, असं मोजणीअंती सिद्ध झालं. दुसऱ्या दिवसापासून शिडीवाल्याच्या कानात कापसाचे बोळे आले. आठवड्याभरात तो थांबायचा बंद झाला, महिन्याभरात त्याला थांबावंसं वाटेनासं झालं. साहेबांनी त्याची पाठ थोपटली. माणसातला माणूस काढून खेळाडू घडवणं म्हणजे काय, हे त्या दिवशी केंद्राने डोळ्यांनी पाहिलं.

मग बाकीच्या सुधारणा भराभर झाल्या. पाण्याला वजन असतं, हे आजवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. साहेबांच्या आलं. बंबाची टाकी काढून टाकली, तेव्हा बंब हरणासारखा पळू लागला. टाकीच्या जागी एक खुर्ची ठोकली आणि तिच्यावर निवृत्त पंच बसवले, कारण पंचांनी न पाहिलेला वेळ हा वेळच नव्हे. पाइपवाल्याच्या हाती पाइपऐवजी लिंबूपाणी आणि टॉवेल आला. भुशाच्या बाहुल्याला सगळे लाडाने 'पाहुणा' म्हणू लागले. पाहुण्याला स्वतःचं कपाट मिळालं, पावसाळ्यात दमट होऊ नये म्हणून हीटर मिळाला. (शिडीवाल्याने हिवाळ्यात हीटर मागितला होता. त्याला धावायला सांगण्यात आलं.)

खऱ्या आगींचं काय करायचं, हा प्रश्न राहिला होता. साहेबांनी तोही मिटवला. खेळाडूचा घोटा एका फुटकळ आगीपायी मुरगळला तर जबाबदार कोण? फोनवर बसणाऱ्या बाईंना सांगितलं गेलं की नम्रपणे म्हणायचं, "आमचा संघ सरावात आहे, कृपया नदीपलीकडच्या केंद्राला फोन करा." निकाल डोळे दिपवणारा होता. वर्षभरात केंद्राच्या हद्दीतल्या निम्म्या आगी आपोआप विझल्या. (जळायचं काही उरलं नाही की आग विझते, हा तिचा एकमेव गुण.) उरलेल्या निम्म्या पलीकडच्यांनी विझवल्या, आणि ते लोक त्या वर्षी साखळी फेरीतच गारद झाले. यावरून काय ते समजावं.

गावाला हे पटलं होतं, हे विशेष. प्राथमिक फेरी जिंकली तेव्हा लोकांनी संघाला डोक्यावर घेतलं. दुकानदार शिडीवाल्याकडून चहाचे पैसे घेईनात. ज्यांची घरं जळली होती तेही सरावाला येऊन उभे राहायचे आणि मोठ्याने सेकंद मोजायचे. घर काय, पुन्हा बांधता येतं.

शिडीवाल्याच्या घरी मात्र थोडी कुरकुर होती. तो दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि सवय अशी जडली की संध्याकाळी डाव्या खिडकीतून घरात यायचा. "दार उघडंच आहे," बायको शांतपणे म्हणायची आणि पुन्हा भाजी चिरायला लागायची. एकदा त्याने तिला खांद्यावर टाकून अर्ध्या जिन्यापर्यंत नेलं, तेव्हा मात्र ती चिडली.

आणि एक आत्या होती. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा याच आत्याने त्याला वाढवलं होतं. तिला दुसरं कुणी नव्हतं आणि तेव्हा त्यालाही. ती एका जुन्या तीनमजली इमारतीत राहायची, तळमजल्यावर, उजवीकडच्या खोलीत. गुडघे पार गेलेले. दारापर्यंत यायचं तर भिंत धरधरून यायची. दुसऱ्या मजल्यावर शिंप्यांचा कारखाना होता.

"दिवसभर इस्त्र्या तापवून ठेवतात रे मेले," ती म्हणायची. "एखाद दिवशी पेटायचं सगळं. येशील ना?"

"हे काय विचारणं झालं, आत्या?"

"नाही, आता तू मोठा खेळाडू झालास, म्हणून आपलं विचारलं."

तो हसायचा. पण घरी जाताना ते हसू त्याला टोचायचं. केंद्राचा नियम तिला ठाऊक नव्हता, त्याला होता.

अंतिम फेरी दोन दिवसांवर आली असताना भर दुपारी फोन वाजला. बाईंनी नेहमीचं नम्र वाक्य म्हटलं, आणि सवयीने पत्ताही मोठ्याने म्हटला. शिडीवाला बूट बांधत होता. त्याच्या हातातली नाडी तशीच राहिली.

"साहेब, तिथे माझी आत्या राहते."

साहेब काही दगड नव्हते. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझीही आत्या होती," ते म्हणाले. "पण परवा अंतिम फेरी आहे."

शिडीवाल्याने आयुष्यात कधी युक्तिवाद केला नव्हता. त्या दिवशी केला. "साहेब, सराव म्हणून घ्या. इमारत तीनमजली आहे."

साहेब थांबले. "खिडकी?"

"दुसऱ्या मजल्यावर डावीकडे आहे एक."

"रुंदी?"

"आपल्यासारखीच."

साहेबांनी पंचांकडे पाहिलं. पंचांनी मान डोलावली.

बंब असा गेला की रस्त्यावरचे लोक बघतच राहिले. (रिकाम्या टाकीचा, म्हणजे टाकी नसण्याचा, हा फायदा.) दुसऱ्या मजल्यावरून धूर येत होता आणि जिन्याने तो खाली उतरत होता. कारखान्यातली माणसं कधीच बाहेर पळाली होती आणि समोरच्या फुटपाथवर उभी होती. शिडीवाला उडी मारून तळमजल्याच्या दाराकडे निघाला.

"जागेवर," साहेब म्हणाले.

"साहेब, आत्या खाली आहे, उजवीकडे."

"आधी रेषा."

चुन्याची रेषा आखली गेली. गर्दीला मागे सारलं गेलं, पंचांची खुर्ची सावलीत घेतली गेली. साहेबांनी स्वतः त्याच्या कानातले बोळे नीट बसवले, प्रेमाने. शिडीवाल्याने मनाशी पक्कं केलं होतं: शिट्टी झाली की शिडीला हात लावायचा नाही, सरळ दार गाठायचं. दार डोळ्यांसमोर होतं.

शिट्टी झाली.

आणि पाय शिडीकडे गेले. तो मनात 'दार, दार' म्हणत होता आणि हात शिडी लावत होते. वर्षभर घासून पक्की केलेली गोष्ट होती ती, तिच्यापुढे बिचाऱ्या मनाचं काय चालणार? तो चढला, खिडकीतून आत वाकला. धुरात कुणीतरी उभं होतं. कमरेला हात, खांद्यावर भार, मागे वळ. भार आज जरा हलका लागला आणि त्याला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. खाली गर्दी एका सुरात मोजत होती. बोळ्यांतूनही ते लाटेसारखं ऐकू येत होतं. पाय जमिनीला लागले, हात कपाळाला गेला.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा पाहिलं. पंचांना दाखवलं. मग फुटपाथच्या कडेला बसले आणि लहान मुलासारखे रडू लागले. पाइपवाल्याने त्यांना टॉवेल दिला. टाळ्या थांबेनात. अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. दोघा शिंप्यांनी जळत्या कारखान्याकडे पाठ करून बंबाच्या ड्रायव्हरला खांद्यावर उचललं होतं.

शिडीवाल्याने खांद्यावरचं ओझं उतरवून पाहिलं. तो कारखान्यातला कपडे घालायचा पुतळा होता. अंगात अर्धवट शिवलेला कोट, एक बाही टाचलेली. त्याने कानातले बोळे ओढून काढले. तेव्हा त्याला ऐकू आलं, तळमजल्यावरून, उजवीकडून, खोकल्याच्या मधूनमधून.

"अरे, आलास का रे?"

तो दाराकडे वळला तशी पंचांनी काठी आडवी धरली. "सलामानंतर रेषा ओलांडली की वेळ रद्द. नियम आहे."

"थोडं थांब," साहेब हात जोडून म्हणाले. त्या माणसाने आयुष्यात कुणापुढे हात जोडले नव्हते. "पंचांना एकदा जाहीर करू दे. मग खुशाल जा."

शिडीवाल्याने रेषा ओलांडली.

गर्दीतून असा काही उसासा निघाला की जणू एखाद्याच्या घरचं माणूस गेलं असावं. "घालवलं लेकाने," कुणीतरी म्हणालं. "आपल्या आत्यापायी अख्ख्या गावाचं नाक कापलं." एका गृहस्थाने संघाच्या रंगाची टोपी काढून जमिनीवर आपटली.

तो आत्याला पाठीवर घेऊन बाहेर आला तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. लोक जरा बाजूला झाले, एवढंच. पुढे उभ्या असलेल्या एका बाईंना राहवलं नाही. "आजी, घटकाभर दम धरायचा होतात हो."

"मला काय ठाऊक बाई," आत्या खोकत म्हणाली, "तुमचं मोजणं चाललंय म्हणून."

मग तिने भाच्याच्या कानाशी तोंड नेलं. "खिडकीतनं पाहिलं मी, तू वरनं कुणा बाईला आणलंस. तिला आधी काढलंस, बरं केलंस. कशी आहे रे ती?"

शिडीवाल्याने पुतळ्याकडे पाहिलं. "बरी आहे," तो म्हणाला.

"मग झालं तर," आत्या म्हणाली. तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. आग नंतर नदीपलीकडच्या केंद्राने विझवली, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

पुढचा घटनाक्रम सरळ आहे. शिडीवाल्याला शिस्तभंगाबद्दल संघातून वगळलं आणि खऱ्या आगींच्या विभागात टाकलं. (हा विभाग त्याच्यासाठीच उघडला. त्यात तो एकटाच आहे, सोबत एक बादली.) पुतळा केंद्राच्या दर्शनी भागात काचेच्या कपाटात उभा केला आहे, खाली 'आपण वाचवलेली व्यक्ती' अशी पाटी आहे. रद्द झालेला वेळ पुन्हा ग्राह्य धरावा म्हणून नागरिकांनी मोर्चा काढला. त्यांचा मुद्दा बिनतोड होता: आत्याबाई घड्याळ थांबल्यानंतर ओरडल्या, त्यांचा स्पर्धेशी संबंधच काय? निर्णय अजून व्हायचा आहे.

शिडीवाला रस्त्याने जाताना लोक त्याला अजूनही अडवतात. राग कधीच ओसरला आहे. त्याला एका बाजूला घेतात, आवाज खाली आणतात आणि विचारतात, "ते जाऊ दे रे. पण खरं सांग, किती झाले होते?" तो पुढे जातो.

तुम्हालाही मघापासून तेच विचारायचं आहे. साहेब रडले तेव्हापासून. संकोच करू नका, आम्ही सांगतो.

एकोणचाळीस.

(आत्या बऱ्या आहेत. कुणी विचारलं नाही, म्हणून कंसात.)