चौगुले साहेबांचा फुटपाथ

चौगुले साहेब फुटपाथची रुंदी बायकांनी मोजायचे. वाक्य गैरसमज होण्यासारखं आहे, पण खरं आहे. भर बाजारात भाजी घेऊन चाललेल्या दोन अनोळखी बायकांना ते थांबवणार, "मावशी, जरा बोलत बोलत त्या खांबापर्यंत जाता का?" म्हणणार आणि माझ्यावर ओरडणार, "धर टेप! पिशव्या धरून मोज!"

मी गगनबावड्याकडच्या खेड्यातला, घरातला पहिला इंजिनिअर. रस्त्यांचे आराखडे करणाऱ्या या ऑफिसात लागलो तेव्हा रुंदीचे सगळे आकडे मला तोंडपाठ होते. साहेबांनी ते शांतपणे ऐकले. मग म्हणाले, "ह्यात माणसं शेजारी-शेजारी चालत्यात का एकामागं एक? एकामागं एक मुंग्या चालत्यात." माझं खरं शिक्षण त्या दिवशी सुरू झालं.

सायकलवाल्यांचाही त्यांना फार कळवळा. एकदा मी सायकलची पट्टी गटारीच्या झाकणांवरून काढली. साहेबांनी कागद उलटा करून ठेवला. "सायकलवाला पावणा हाय. पावण्याला गटारीवर बसवतोस व्हय रे?"

त्यांचा शेवटचा रस्ता बाजारातला. निवृत्तीला दोन महिने उरले होते. आराखडा तयार झाला आणि दुकानदारांनी हट्ट धरला, फुटपाथ मीटरभर कमी करा, तिथं गाड्या लागू देत. वरिष्ठ तयार झाले. फक्त साहेबांची सही हवी होती.

"करतो की सही," साहेब म्हणाले. "आधी चालून दाखवा."

त्यांनी रस्त्यावर कमी केलेल्या रुंदीच्या, पांढऱ्या फक्कीच्या दोन रेघा मारून घेतल्या. वरिष्ठ आले, दुकानदार बायकांसह जमले. त्यांचे पुढारी भांड्यांच्या दुकानाचे मालक.

"साहेब, गिऱ्हाईक गाडी लावणार कुठं?"

"गाडी काय पातेलं घ्यायला आत येतीया व्हय? गिऱ्हाईक पायानंच येतंय की! चला, वहिनींना घेऊन चाला."

मालक ऐटीत निघाले. वहिनींना शेजारी जागाच नव्हती, त्या मागं पडल्या. मालक पुढं तोंड करून काहीतरी सांगत होते. अर्ध्या वाटेत वहिनी थांबल्या.

"रुंदच ठेवा की वो! हे काय बोलत्यात ते मला बी कळू दे."

सगळा बाजार हसला. मालकही हसले. वरिष्ठांनी साहेबांचा मूळ आराखडाच मागवला.

रस्ता झाला तोवर साहेब निवृत्त झाले होते. एका सकाळी पाहणीला गेलो तर समोरून साहेब येत होते. मागं चार पावलांवर त्यांच्या पत्नी, आमच्या काकू. साहेब थांबले की काकू थांबायच्या.

"अगं, ये की शेजारी. जागा हाय."

"असू दे. तुम्ही व्हा म्होरं."

"अगं, मी त्याच्यासाठीच..." ऑफिसभर गरजणाऱ्या माणसानं नुसतं रुंद फुटपाथकडं बोट दाखवलं. "पस्तीस वर्सं मागनंच चालतीयास तू."

काकूंनी आजूबाजूला पाहिलं. "लोक बघत्यात."

"बघू देत."

काकू हलल्या नाहीत. मग साहेबच वळले आणि चार पावलं मागं गेले. काकूंनी पदर सावरला.

मी पाठ फिरवली आणि नव्या झाडाच्या आळ्यात उगाच काहीतरी शोधत राहिलो.