आत्याला मोठा आजार हवा होता

“मुरगळलेला पाय? मला? घरात सगळ्यांत मोठी मी, आणि माझ्या वाट्याला मुरगळलेला पाय?”

आत्याने गळ्यातला पुठ्ठा काढला आणि सरळ माझ्या अंगावर फेकला.

“अगं आत्या, खोटाच आहे ना तो,” ताई म्हणाली.

“खोटाच द्यायचाय तर हात आखडता कशाला? तुझ्या बापाला बघ, अख्खं पोटाचं ऑपरेशन दिलंय. लहानपणी साधं पडसं झालं तरी घर डोक्यावर घ्यायचा हा. याला झेपणारे का ऑपरेशन?”

“अक्का, मी मागायला गेलो नव्हतो,” बाबा सोफ्यावर आडवे पडल्या पडल्या म्हणाले. “आणि मला डिस्चार्ज कधी आहे ते आधी सांगा. मॅच सुरू होईल.”

पुठ्ठे मी लिहिले होते, त्यामुळे माझं डोकं फिरलं. सकाळपासून बसून ताईच्या पुस्तकातून एकेक पेशंट उतरवलेला. वय, तक्रार, नाडी, बीपी, ताप. शाळेत असताना एवढं कधी लिहिलं नाही. नववीत वही सरांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो ते पडलोच. आणि आता ही बाई माझे पुठ्ठे फेकते!

“घ्यायचं तर घे, नाहीतर पेशंटच होऊ नकोस,” मी म्हणालो.

“बघ, बघ कसा बोलतो! फटाक्या कुठला!”

“अरे थांबा!” ताई ओरडली. आणि तिचा आवाज फाटला, म्हणून सगळे थांबले.

कारण बुधवारी तिची परीक्षा होती. नर्सिंगचं शिक्षण कधीच झालेलं, पण लायसन्सची परीक्षा पास झाल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. दोनदा नापास झाली होती ती. हॉस्पिटलमध्ये तोपर्यंत मदतनीस म्हणून घेतलेलं. म्हणजे चादरी बदला, ट्रॉली ढकला. नर्सची जागा महिनाअखेरपर्यंत राखून ठेवतो म्हणाले होते, त्यानंतर दुसरी कोणी.

आणि उत्तरं येत नाहीत म्हणून ती नापास झाली नव्हती. मी तिचे सराव पेपर तपासायचो. चाळीस प्रश्नांत अकरा ठिकाणी तिने उत्तर बदललेलं. त्या अकरांतली नऊ आधी बरोबर होती. नऊ! प्रश्न असे असतात की, चार पेशंट आहेत, आधी कोणाकडे जाल? काय बघाल? मग काय कराल? ताई पटकन बरोबर खूण करणार, मग ओठ चावणार, मग मान वाकडी करून स्वतःलाच म्हणणार, “पण समजा...” आणि गेलं. त्या ‘समजा’ने तिची दोन वर्षं खाल्ली.

तिच्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, “पुस्तकातला पेशंट गप्प पडून असतो गं. घरची माणसं झोपव, त्यांना बडबडू दे, आणि त्या गोंधळात ठरव.” म्हणून रविवारी दुपारी आमच्या बाहेरच्या खोलीचा वॉर्ड झाला.

शेवटी ताईने आत्याला दमा दिला. आत्याने पुठ्ठा वाचला, “श्वास लागणे, ओठ निळसर,” आणि एकदम प्रसन्न झाली. “आता कसं! निळसर म्हणजे वहिनी, तुमच्याकडे काही लावायला आहे का?”

“वन्सं, निळं काही नाही बाई माझ्याकडे,” आई म्हणाली. आईला खूप ताप आणि गुंगी होती, पण दर दोन मिनिटांनी ती गुंगीतून उठून दूध बघून येत होती. मला हाताला जखम होती.

ताईने मोबाईलवर वीस मिनिटं लावली. “आता नियम ऐका. वीस मिनिटं कोणी जागचं हलायचं नाही. फोन वाजला, बेल वाजली, काही झालं तरी. परीक्षेत कोणी उठून दार उघडत नाही.” आणि तिने दाराला आतून लॅच लावलं, कारण आत्याला मधेच जिन्यात जाऊन शेजारच्यांना सांगायचं असतं.

सुरू झालं. आणि आत्याने जो श्वास लावला म्हणता! पहिले दोन बरे होते. तिसऱ्याला तिला सूर सापडला. “आ... आई गं... गेले... गेले गं मी... कोणीतरी बघा हो...” आमची खिडकी उघडी. आम्ही चौथ्या मजल्यावर, आणि खाली जिन्याशेजारीच किल्लीवाले काका बसतात. कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या बनवतात. आमच्या बिल्डिंगमधल्या विसरभोळ्या लोकांवर त्यांचं घर चालतं.

ताई आईची नाडी बघत होती तेवढ्यात बेल वाजली.

“बेल,” बाबा म्हणाले.

“नियम,” ताई म्हणाली.

बेल परत वाजली. मग दारावर थापा. “अहो, काय झालं? दार उघडा!” किल्लीवाल्या काकांचा आवाज.

दाराबाहेर माणूस आहे कळल्यावर आत्याला अजून जोर आला. “नाही हो... उठवत नाही... सगळे पडलेत... सगळेच...”

“आत्या, गप्प ना!” मी म्हणालो.

“पेशंटला गप्प म्हणतोस? बघ गं, लिहून घे!” आणि परत, “गेले हो...”

बाहेर काका फोनवर ओरडत होते, “हो, ॲम्ब्युलन्स पाठवा, अख्खं घर पडलंय! विषबाधा असेल!” ताईचा चेहरा पडला. ती दाराकडे धावली, पण बाबांनी हात धरला. “नियम म्हणजे नियम. बारा मिनिटं राहिलीत. तूच म्हणालीस ना?” बाबा आयुष्यात पहिल्यांदा एखादा नियम पाळत होते, आणि मुहूर्त हा! ताई हात सोडवेपर्यंत लॅचमधून खुडखुड ऐकू आली. काकांनी हत्यारं काढली होती.

आता एक सांगतो. हे काका कुठलंही कुलूप अर्ध्या मिनिटात उघडतात. मी घड्याळ लावून बघितलंय. आमचं लॅच तर त्यांनीच बसवलेलं. पण खुडखुड चालूच. काहीतरी खाली पडलं. परत खुडखुड. परत पडलं. ताई मधेच थांबून दाराकडे बघायला लागली. तिने आतून हाक मारली, पण काकांना ऐकूच गेलं नाही; लॅच फिरवून बघितलं, तर बाहेरून त्यांनी काहीतरी घुसवून ठेवलेलं, अडकलं. साडेतीन मिनिटं गेली. मग दार धाडकन उघडलं आणि काका आत.

सगळे उठून बसलो. गळ्यात पुठ्ठे.

“अहो, नाटक आहे हे, परीक्षेचं!” आई म्हणाली. “माफ करा, उगाच चार मजले चढलात.”

काकांचा शर्ट चिंब भिजलेला. ते आमच्याकडे बघत होते पण आमच्या थोडं मागे कुठेतरी. मग ते चालत फ्रिजपाशी गेले आणि हातातली सळई फ्रिजच्या दारात घालायला लागले.

बाबांना हसू आलं. “काय हो, आता फ्रिज पण?”

“कुलूप जाम आहे,” काका म्हणाले. “सोडा मला. सोडा म्हणतो ना!” आणि हे गरीब गायीसारखे काका बाबांच्या अंगावर खेकसले. बाबांचं हसू गेलं. “ओ, तोंड सांभाळा! आमचं दार फोडलं आणि वर आम्हालाच?”

“दुपारीच लावून आलेत वाटतं,” आत्या माझ्या कानात म्हणाली. दमा गेलेला तिचा.

ताई मात्र पुढे झाली. तिने त्यांचे हात बघितले. ज्या हातांनी सुईएवढ्या भोकात तार जाते, ते हात लटलट कापत होते. तिने मनगट धरलं, कपाळाला हात लावला. “काका, साखरेची गोळी घेता की इंजेक्शन?”

“इन्सुलिन...”

“आज घेतलं?”

“घेतलं ना सकाळी... मग शाळेच्या कपाटाचं कुलूप काढायला गेलो होतो...”

“जेवलात?”

काका विचारात पडले, जसं काही त्यांना कुणी दुसऱ्या ग्रहाबद्दल विचारलंय. ताईने त्यांना खुर्चीत बसवलं. “आई, पाण्यात साखर. चार मोठे चमचे. पळ.”

“साखर?” आत्या किंचाळली. “अगं, डायबेटिस आहे त्यांना! साखर देऊन मारतेस का माणसाला?”

“मीठ-पाणी दे त्यापेक्षा,” बाबा म्हणाले.

“ॲम्ब्युलन्स येतेय ना, तू नको हात लावूस,” आई साखरेचा ग्लास घेऊन आली पण देईना. “बाळा, काही झालं तर तुझंच नाव जाईल. लायसन्स तर बाजूलाच राहिलं, पोलीस येतील.”

ताईने ग्लास घेतला. आणि थांबली. ओठ चावला. मान वाकडी झाली. मला तो चेहरा पाठ आहे. मी ओरडणार होतो, “बदलू नको!” म्हणून तोंडही उघडलं. पण कसं कोण जाणे, नाही ओरडलो. तिचं होतं ते. आत्या, बाबा, आई तिघे एकदम बोलत होते, आणि काका खुर्चीत कलायला लागले होते.

“आत्या,” ताई शांतपणे म्हणाली, “तू बस. तुझा श्वास एकदम छान चाललाय.” मग काकांना, “काका, एक घोट गिळून दाखवा. शाब्बास. आता दुसरा.”

घोट घोट करत ग्लास संपला. ताई त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, मोबाईलवर पंधरा मिनिटं लावून. आमच्यापैकी कोणी हललं नाही. नियम नव्हता तरी. मी तिच्या मानेकडे बघत होतो. मान सरळ होती.

दहाव्या मिनिटाला काकांचे हात थांबले. बाराव्याला त्यांनी शर्टाने तोंड पुसलं आणि इकडेतिकडे बघितलं. मग त्यांची नजर दारावर गेली. ते उठायला लागले, ताईने बसवलं. तरी मान लांब करून त्यांनी लॅच निरखलं.

“हे कोणी उघडलं?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“कोणीतरी अडाण्यानं उघडलंय,” काका म्हणाले. “ओरखडे बघा केवढे. मला हाक मारायची होती ना.”

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली.

तेवढ्यात ॲम्ब्युलन्सवाले दोघं धापा टाकत वर आले. “पेशंट कोण?” गळ्यात पुठ्ठे घातलेले आम्ही चौघं. सवयीने आत्याचा हात अर्धा वर गेला, तो मी खाली ओढला. त्यातला उंच माणूस बाबांचा पुठ्ठा वाचत म्हणाला, “नाडी दोनशे दहा? हे कोणी लिहिलं? हा माणूस बोलतोय कसा?” पुस्तकात एकशे दहा होतं. मी खिडकीबाहेर बघितलं.

त्यांनी काकांच्या बोटातून थेंब काढून मशीन लावलं. “अठ्ठ्याहत्तर. साखर आत्ता अठ्ठ्याहत्तर, म्हणजे मघाशी किती खाली गेली असेल! साखर कोणी दिली?”

सगळी बोटं ताईकडे. मघाशी नको म्हणणारी तिन्ही.

“सिस्टर, वेळेवर दिलीत,” तो म्हणाला.

“मी सिस्टर नाही अजून,” ताई म्हणाली. “बुधवारी परीक्षा आहे.”

“बरं, आधी यांना पोळी-भाजी द्या. पोटात काहीतरी घट्ट गेलं पाहिजे आता.” खोट्या कॉलबद्दल बोलायला त्याने तोंड उघडलेलं मी बघितलं, पण काका खुर्चीतून हात जोडून त्याच्याकडे बघत होते. त्याने कागदावर खरा कॉल लिहिला आणि काकांचं खाऊन झाल्यावर त्यांना तपासायला म्हणून सोबत घेऊन गेला. जाताना काका दारात थांबले. ताईच्या डोक्यावर हात ठेवला, एवढंच. एरवी ते बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला उगाच दोन किल्ल्या जास्त कराव्या लागतात हे पटवून देतात, एवढे बोलके.

बुधवारी ताई वेळ संपायच्या तासभर आधीच बाहेर आली. बाबांनी लगेच विचारलं, “एवढ्या लवकर? सोडून आलीस का?” ती म्हणाली, “नाही, झालं.” बस. आठ दिवसांनी निकाल आला. पास. आत्या मजल्यामजल्यावर सांगत सुटली की तिच्या दम्यावर शिकली पोरगी. सांगू दे. तिच्या ओरडण्याने काका वर आले, हे तरी खरं. खाली जिन्याशेजारी एकटेच बसले असते तर कोणी बघितलं असतं त्यांना? हे डोक्यात आलं की मला आत्याचा राग येईनासा होतो. तसा पाच मिनिटंच, पण येईनासा होतो.

आज तिची पहिली ड्युटी. खरी, नर्सची. सकाळी साडेपाचला पांढऱ्या कपड्यांत आरशासमोर उभी होती, बटणं लावत. मी बॅग घेऊन दारात.

“फटाक्या, जमेल ना मला?”

“मला काय विचारतेस? मी नववी सोडलेला माणूस.”

“म्हणूनच विचारते. तू ओरडतोस, पण खोटं नाही बोलत.”

मी बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिने माझ्याकडून अख्ख्या पुस्तकाचे पेशंट लिहून घेतले, आणि एकदा पण म्हणाली नाही की शाळेत परत जा. हे तिला सांगायचं होतं. थँक्यू म्हणायचं होतं. म्हणालो काय, तर “बटण वरखाली लागलंय.”

ती गेली खाली, बटण सोडत-लावत. आता जिन्यातून हाक मारतेय, सहाची बस चुकेल म्हणतेय. बॅग माझ्याकडेच राहिली. निघायला हवं मला.