वेइयोला सांगायचं होतं

"त्यात काय एवढं? भाऊच आहे माझा! दोन वाक्यांत उरकतो!" कालेर्वोने बायकोला, रायलीला, छाती फुगवून सांगितलं.

आरोग्य केंद्रात हल्ली रक्ताबरोबर जनुकंही तपासतात. कालेर्वोच्या जनुकात घराण्याचा दोष निघाला. रक्तात चरबी साचते आणि हृदय कधी बंद पडेल याचा नेम नाही! वडील पन्नाशीतच असे गेले होते. "तुमचं गोळ्यांवर भागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण भावाबहिणीला सांगा. लगेच!"

धाकटा वेइयो दर शनिवारी कालेर्वोच्या तळ्याकाठच्या सॉनात, म्हणजे तापल्या दगडांच्या न्हाणीघरात, वाफ घ्यायला यायचा. पण दोघांनी एकमेकांची तब्येत जन्मात विचारली नव्हती. असलं विचारणं म्हणजे परक्याच्या खिशात हात घालणं!

"बाहेर थंडी आहे," या शनिवारी बाकावर बसल्या बसल्या कालेर्वोने प्रस्तावना केली.

"आहे."

झालं! प्रस्तावना संपली. एवढ्यात वेइयोने तापल्या दगडांवरून चरबी गळणारं जाडजूड सॉसेज उचललं. डोळ्यांदेखत भाऊ मरायचा! कालेर्वोने झडप घालून सॉसेज हिसकावलं. लपवावं तर अंगावर चिंधी नाही! मग खाऊनच टाकलं.

"अरे दादा, भूक लागली होती तर सांगायचंस!"

"लागलीच होती," कालेर्वो तोंड पोळत म्हणाला.

वेइयोने दुसरं काढलं. तेही गेलं. तिसरंही गेलं. वेइयोचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठला.

"मी जरा तळ्याच्या बर्फात पाडलेल्या भोकात बुडी मारून येतो."

बर्फाच्या पाण्यात! असलं हृदय घेऊन! कालेर्वो उघडाबंब दारात आडवा आला.

"नाही जायचं! मरशील!"

"तुला काय झालंय काय?"

"मला नाही, आपल्याला! बाबांचं दुखणं आपल्यात उतरलंय! माझी जनुकं तपासली!"

वेइयो पुन्हा बाकावर बसला.

"ते होय! मी तीन वर्षं गोळ्या घेतोय त्याच्या."

"तीन वर्षं?"

"डॉक्टर म्हणाले होते, दादाला सांगा. दर शनिवारी ठरवून यायचो रे! पण वाटायचं, उगाच कशाला माणसाच्या वाफेचा विचका करा? आज तू तीन सॉसेज हाणलीस, तेव्हा माझाच जीव जायचा राहिला!"

कालेर्वोला भावाला मिठी मारावीशी वाटली. पण असल्या अवस्थेत, आणि तेही इथे, ते बरं दिसलं नसतं. त्याने दगडांवर पाणी ओतलं.

"आणि बहीण राहिलीच की! इर्याक्काला कोण सांगणार?" वेइयोने विचारलं.

"तू सांग. तुला ठाऊक होऊन तीन वर्षं झाली."

"थोरला तू आहेस!"

मग मात्र दोघा भावांचं आयुष्यात प्रथमच चटकन एकमत झालं. रायली सांगेल!